शरणप्पांनी नाकारलेली दुर्बीण

मुरुममध्ये आजही कुणी शरणप्पांचं नाव काढलं, की एखादा म्हातारा हटकून म्हणतो, "तेच न्हवं का, ज्यांनी पास केलेल्या दुर्बिणीपायी माणूस गेला?" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इतकी वर्षं मी गप्प बसले, कारण बोलायला बंदी होती आणि ती खुद्द शरणप्पांनीच घातली होती. आता ते नाहीत. जिच्यासाठी बंदी घातली ती बाईही नाही, आणि ज्या जमिनीचा प्रश्न होता ती आता कुणी काढून घेऊ शकत नाही. तेव्हा मी बोलणार आहे. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या वर्षांची ही गोष्ट. आमचे हे मुरुमच्या शाळेत मास्तर होते आणि आम्ही शरणप्पांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. दोन्ही घरांची परसं लागून, मधे कमरेएवढी दगडी भिंत. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. जातीने लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर आणि कोपरावर विटलेला काळा कोट. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नसेल, आणि धंदा मात्र बंदुकांचा.

वडिलांपासून परवाना चालत आला होता. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरायची, म्हणून शेतकरी ठासणीच्या बंदुका घ्यायचे. त्या, आणि त्यांना लागणारी दारू नि छर्रे, एवढंच त्या दुकानात मिळायचं. लोक चेष्टा करायचे, अप्पा, शाकाहारी माणसाला हा धंदा शोभतो का? अप्पा शांतपणे विचारायचे की डुक्कर शेतात शिरल्यावर माझ्या गळ्यातलं लिंग बघून माघारी फिरतं का. त्यांनी स्वतः जन्मात जिवंत प्राण्यावर गोळी झाडली नाही.

पण अप्पांचं नाव झालं ते बंदुकांनी नव्हे, दुर्बिणींनी. रायफलीच्या नळीवर बसवायची ती लांबट दुर्बीण असते ना, आत फुली असलेली, तिचं वेड तेव्हा देशमुख-जहागीरदारांना आणि साहेबलोकांना लागलेलं होतं. लढाई चालू असल्यामुळे विलायतेहून नवा माल येत नव्हता. मग सोलापूरकडचे दलाल जुन्या, आदळलेल्या, पाणी गेलेल्या दुर्बिणींना काळा रंग फासून नव्या म्हणून खपवायचे. त्यातली खरी कोणती आणि सोंगाडी कोणती हे सांगणारं आसपास एकच माणूस होतं. अप्पांनी दुर्बीण पास केली, की तिच्या बैठकीच्या स्क्रूवर तांबड्या लाखेचा थेंब सोडून त्यावर ते अंगठा दाबायचे. स्क्रू कुणी हलवला तर लाख तडकणार. 'अप्पांची लाख आहे' एवढं म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारायचं नाही.

मी नवीनच नांदायला आले होते तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला परसात गेले तर भिंतीपलीकडून हे गृहस्थ डोळ्याला नळी लावून माझ्या काळ्या शेळीकडे टक लावून बघताहेत. शेळी चिंचेखाली बांधलेली, गाभण. मला वाटलं, हा माणूस तिला दृष्ट लावतोय. मी तोंड सोडलं. अप्पांनी नळी खाली केली आणि जरासुद्धा न रागावता म्हणाले, "मास्तरीणबाई, अंधारात काळी शेळी दिसती का न्हाय ते बगायलोय. दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या असत्यात."

ते त्यांचं पहिलं सूत्र. दलाल गिऱ्हाइकाला भर उन्हात दुकानाच्या दारात उभं करून देवळाचा कळस दाखवतो. कळस हाताएवढा जवळ दिसतो, गिऱ्हाईक खूश. अप्पा म्हणायचे, डोळा लई खुशामत्या असतो, जे बघायचं असतं तेच दाखवतो. डुक्कर काही दुपारी कळसावर चढून बसत नाही. म्हणून तिन्हीसांजेला चिंचेखालची काळी शेळी. तिचे कान वेगळे दिसले तर दुर्बीण पुढच्या परीक्षेला बसणार, नुसताच काळा गोळा दिसला तर परत. पुढे पुढे शेळी कुठे बांधू ते मी त्यांनाच विचारायला लागले.

दुसरी परीक्षा पाण्याची. दुर्बीण दिवसभर पत्र्यावर उन्हात तापवायची आणि मग एकदम माठातल्या गार पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळायची. भिंगाच्या आतल्या बाजूला वाफ धरली तर समजायचं, हिच्या अंगात दमट हवा शिरलेली आहे आणि पावसाळ्यात ही आंधळी होणार. अप्पांची बायको गंगाक्का ह्यावरून रोज तणतणायची. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नाही, मी डोक्यावरून घागर आणते आणि हे बंदुकीला गार पाणी पाजतात, असं ती मला भिंतीवरून कानडी-मराठी मिसळून सांगायची. एकदा तिच्या सख्ख्या भावाने गुलबर्ग्याहून दुर्बीण आणली. पाहुण्यांसाठी पुरणाचा घाट घातलेला. अप्पांनी जेवणाआधीच फडकं सोडून भिंग दाखवलं, आत वाफ. मेहुणा पुरण न खाता गेला आणि गंगाक्काने नवऱ्याशी अबोला धरला. अप्पा तिला समजवायला गेले नाहीत, तिच्या भावाला लाखही दिली नाही.

तिसरी परीक्षा मात्र साऱ्या जगात फक्त मुरुमलाच होत असणार. परसातल्या लाकडी घोडीवर वाळूच्या पिशव्यांत रायफल पक्की बसवायची. मागचा बोल्ट काढून आरपार मोकळ्या झालेल्या नळीतून समोरच्या शेतातल्या मोटेच्या खांबावरचा चुन्याचा ठिपका धरायचा, मग दुर्बिणीतून बघायचं. नळी आणि दुर्बीण, दोन्हींनी एकच ठिपका दाखवला पाहिजे. दाखवला, की रायफल दुर्बिणीसकट बैलगाडीच्या तळाला बांधायची, खाली गवत नाही, गोधडी नाही. गाडी लोहारा गावाच्या दगडी वाटेने लांबवर हिंडवून आणायची आणि पुन्हा घोडीवर ठेवून तोच ठिपका बघायचा. फुली ठिपक्यावरून ढळली असेल तर अप्पा दुर्बीण काढून मालकाच्या हातात द्यायचे. एक गोळी बरोबर लागली ह्याला ते काडीची किंमत देत नसत. धक्के खाल्ल्यावरही जी जागेवर राहते ती खरी.

एवढं झाल्यावर गावाबाहेरच्या पडक्या खाणीत गोळ्या झाडायच्या. आधी एक, मग दुर्बिणीचा फिरकीचा स्क्रू एकीकडे फिरवून एक, परत पहिल्या जागी आणून एक. परत आणल्यावर गोळी पहिल्याच भोकात गेली पाहिजे. घरी आले की अप्पा आंघोळ करून लिंगपूजेला बसायचे आणि त्यानंतरच लाख तापवायचे.

अशा माणसाकडे एका बाजारच्या दिवशी लोहाऱ्याकडच्या एका देशमुखाची मोटार येऊन थांबली. नाव मी लिहीत नाही. त्याची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचा ह्यात दोष नाही. गावं त्याला सरकार म्हणायची. त्याने दलालाकडून दुर्बीण घेतली होती. एक मोठे अधिकारी त्याच्याकडे डुकराच्या शिकारीला यायचे होते, आणि अप्पांची लाख असलेली रायफल तुमच्या हातात देतो असं त्याने त्यांना आधीच कळवून टाकलं होतं. लाख अजून लागायची होती आणि ह्याने ती वाटूनसुद्धा टाकली! अप्पांनी दुर्बीण ठेवून घेतली, आठवड्याने या म्हणाले.

त्या आठवड्यात मी ती दुर्बीण माझ्या डोळ्यांनी बघितली. शेळीचे कान छान दिसले. ऊन-पाण्यात कडेला थोडी वाफ धरली. आणि गाडीवरून आल्यावर फुली ठिपक्यावरून सरकून पार खांबाच्या बाहेर गेली होती. अप्पांनी मलाही बघायला लावलं. पुन्हा बसवून पुन्हा हिंडवली, पुन्हा सरकली, आणि दर वेळी वेगळ्याच बाजूला. अप्पा म्हणाले, एकाच बाजूला सरकली असती तर तिचा स्वभाव तरी कळला असता, ही तर थापाडी आहे.

पुढच्या बाजारी देशमुख आला. भरल्या बाजारात, शेजारपाजारचे अडते, गिऱ्हाइकं, सगळे ऐकत असताना अप्पांनी दुर्बीण त्याच्या पुढे ठेवली आणि नाही म्हणाले. देशमुख आधी हसला, मग चिडला, मग आवाज खाली आणून म्हणाला, सायबाला मी शब्द दिलाय, तुम्ही नुसती लाख लावा, पुढचं माझ्याकडं लागलं.

अप्पा म्हणाले, "सरकार, शब्द तुमचा हाय. अंगठा माझा हाय."

देशमुख मोटारीत बसून निघून गेला. ह्या वाक्यावर त्या दिवशी बाजारात लोकांनी चहा पीत पीत अप्पांची पाठ थोपटली होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

पुढे काय झालं ते थोडक्यात असं. साहेब आले. संध्याकाळी ओढ्याकाठच्या पिकात माळ्यावर बसले. डुक्कर बाहेर आलं, साहेबांनी त्याच्या खांद्यावर फुली धरून चाप ओढला आणि गोळी पोटात लागली. जखमी डुक्कर ओढ्यातल्या बाभळीच्या जाळीत शिरलं. सकाळी देशमुखाने माणसं जाळीत घातली, सगळ्यांत पुढे त्याच्याच वाड्यावर राबणारा बिरू धनगर, हातात नुसती काठी. डुक्कर उलटलं. बिरूची मांडी वरपर्यंत फाटली आणि उमरग्याच्या दवाखान्याच्या वाटेतच तो गेला. मागे बायको सखू आणि लहान लेकरं.

साहेबांचा स्वतःच्या नेमावर भरवसा होता. त्यांनी झाडावर गोळी मारून पाहिली, ती भलतीकडेच गेली. त्यांनी दुर्बीण निरखली, तर बैठकीच्या स्क्रूवर तांबडी लाख आणि तिच्यावर अंगठा! ही कुणी पास केली, असं त्यांनी विचारलं. देशमुखाने हात जोडून सांगितलं, मुरुमच्या शरणप्पाने.

तो अंगठा कुणाचा होता हे कधीच बाहेर आलं नाही. पण ती लाख कुणाच्या वाड्यात तापवली गेली हे सांगायला काही पंडित लागत नाही. ज्या माणसाने आपल्या मेहुण्याला लाख दिली नाही, त्याच्या नावाची खोटी लाख ह्या देशमुखाने लावली, आणि वर बिरूचं मरणही त्याच्याच माथी मारलं!

पोलिसांचा अमीन आला, परवाना घेऊन गेला, दुकानाच्या कुलपावर सरकारी शिक्का बसला. आणि भरल्या बाजारात ज्यांनी अप्पांची पाठ थोपटली होती ते सगळे एका दिवसात बहिरे झाले. एक जण म्हणे त्या दिवशी परगावी होता. दुसऱ्याला म्हणे नीट ऐकू आलं नाही. शेजारच्या अडत्याने तर कमाल केली. तो म्हणाला, अप्पा न्हाय म्हणाले खरे, पर मागनं लावली बी असंल. ज्या माणसाच्या ओट्यावर त्याने वर्षानुवर्षं फुकट पान खाल्लं, त्याच्याबद्दल! देशमुखाशी वाकडं कोण घेणार? मुरुमचा बाजार त्याच्याच शेंगांवर नि कापसावर चालत होता.

आमचे हे टोपी घालून साक्ष द्यायला निघाले. ते अप्पांना तसं सांगायला गेले तर अप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि जरा थांबा म्हणाले. मला वाटलं, अप्पा काहीतरी पुरावा गोळा करत असतील.

पुरावा कसला! दोन दिवसांनी देशमुखच आला. त्याचा आवाज असा, की भिंतीपलीकडे सगळं ऐकू यावं. साहेब अजून चौकशी करत होते आणि खोटी लाख अंगाशी आली असती तर देशमुखाची देशमुखी धोक्यात होती. तो म्हणाला, अप्पा, एवढं म्हणा की लाख माझी, नजरचूक झाली. माणसाच्या हातून चूक होते, साहेब समजून घेतील, परवाना मी परत आणून देतो. अप्पांनी विचारलं, बिरूच्या बायकोचं काय? देशमुख म्हणाला, तिचं काय, राबणारं माणूस गेलं, आता तिला खोपट सोडावं लागणार. किती सहज म्हणाला! जाळीत घालताना बिरू त्याचा माणूस होता, मेल्यावर सखू कुणीच नाही.

अप्पा म्हणाले, "वड्याकाठचा तुकडा, बिरू जिथं पडला तो, सखूच्या नावावर करा. मग म्या म्हणतो लाख माझी. परवाना नको. ज्याची लाख खोटी ठरली त्यानं दुकान कशाला उघडायचं?"

देशमुख लगेच कबूल झाला. पण अप्पांनी त्याला लगेच शब्द दिला नाही. आधी जमीन, मग बोलणं. ते स्वतः सखूला गाडीत घेऊन कचेरीत गेले. जमीन तिच्या नावावर चढवली, पाटील-पटवाऱ्यांना समोर उभं करून बांधाला दगड रोवून घेतले. घरी आले, थोडे दिवस जाऊ दिले आणि पुन्हा जाऊन ते दगड जागेवर आहेत का ते बघून आले. दगड हलले नव्हते. मग कोट घालून अमीनाकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, न तपासता, न मानता, थापाड्या दुर्बिणीवरची लाख आपली म्हणून आले.

गंगाक्काने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी भिंतीशी उभी राहून अप्पांशी भांडले, अगदी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही त्या चोराला वाचवलंत म्हणाले, तुम्हाला स्वतःच्या नावाची चाड नाही म्हणाले. अप्पा लाकडी घोडीवरच्या वाळूच्या पिशव्या उसवून वाळू ओतत होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "माझी लाख खरी हाय हे मला ठावं हाय, तुमाला बी ठावं हाय. बिरूच्या लेकरांनी काय ते खायाचं का?"

माझा राग त्याने आणखीच वाढला. चांगल्या माणसाने आपलं नाव गहाण टाकायचं आणि चोराने मोटारीतून हिंडायचं, हा कुठला न्याय?

पुढे निजामाचं राज्य गेलं. देशमुखाची रग उतरली. तेव्हा तेच बहिरे लोक अप्पांच्या ओट्यावर येऊन म्हणायला लागले, आता सांगा की अप्पा खरं काय ते, आता भ्या कुणाचं? मीही म्हणाले. अप्पांनी मान हलवली. ती जमीन त्यांच्या खोट्यावर उभी होती. खोटं काढून घेतलं तर देशमुख उलटेल, जमीन परत मागेल, कज्जे करेल, आणि सखू कचेऱ्यांत मरेल. त्यांनी माझ्याकडून आणि ह्यांच्याकडून आपल्या गळ्यातल्या लिंगाची शपथ घालून वचन घेतलं, की सखूची जमीन पक्की होईपर्यंत बोलायचं नाही. सखूलाही तसंच बजावलं होतं. पोरं तोंडाळ असतात म्हणून तिने पोरांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात ह्यांची बदली झाली. आमचं सामान गाडीत भरून झालं होतं आणि मी निरोप घ्यायला अप्पांच्या ओट्यावर गेले होते. शेंगांचा हंगाम होता, बाजाराला चाललेल्या गाड्यांची रांग लागलेली. त्यातल्या एका गाडीत सखू बसली होती, आणि बैलांपाशी तिचा थोरला म्हाळू, मिसरूड फुटलेला, नव्या पटक्याचा. आमच्या समोर आल्यावर त्याने बैल थांबवले. अप्पांकडे बघितलं आणि त्यांच्या पायरीवर थुंकला.

"ह्या म्हाताऱ्याच्या लाखंनं माझा बाप खाल्ला," तो शेजारच्या गाडीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

गाडीत सखू अर्धी उठली. तिचं तोंड उघडलेलं मी बघितलं. माझंही उघडलंच होतं. अप्पांनी पंजा जरासा वर केला, तिच्याकडे बघून, आणि मान नाही म्हणून हलवली. सखू खाली बसली, पदर तोंडात धरून. म्हाळूने बैल हाकले.

गाडीतून काही शेंगा रस्त्यावर सांडल्या होत्या. अप्पा पायरी उतरले, वाकून एक शेंग उचलली, धोतराला पुसली आणि फोडून आतले दाणे उजेडात धरून बघितले. मग ते तोंडात टाकून त्यांनी आत गंगाक्काला हाक मारली.

"वड्याकाठची शेंग लई भरल्याली हाय," ते म्हणाले आणि पायरी धुवायला पाणी आणायला आत गेले.